कूलिंग टॉवरखालची हजेरी

सर कारखान्यात आले की आधी गळ्यातली सोन्याची साखळी काढायचे, मग बोटांतल्या अंगठ्या, मग मनगटातलं जाड कडं, आणि हे सगळं जेवणाच्या डब्याच्या वरच्या कप्प्यात ठेवायचे. खालच्या कप्प्यांत तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी असायची. त्यामुळे संध्याकाळी घरी जाताना सरांच्या सोन्याला बोंबलाचा वास यायचा. त्यांना त्याचं काही वाटत नसे. "फिरत्या मशीनीला सोनं कलत नाय," ते म्हणायचे. "ती साखली पकरते, आनि साखलीच्या मागून मानूस जातं."

मी डिप्लोमाच्या ट्रेनिंगसाठी त्या केमिकल कारखान्यात होते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे कारखान्यात कसं बोलावं, कुठे उभं राहावं, हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. मी बहुतेक वेळ भिंतीला लागून उभी राहायचे. सरांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते भिंतीजवळच. म्हणाले, "ती भिंत परत नाय गो. सोर तिला." त्यांच्या बोलीत 'ड'चा 'र' आणि 'ळ'चा 'ल' व्हायचा; भिंत पडत नाही, सोड तिला, हे मला जरा वेळाने कळलं.

सर युटिलिटी विभागाचे प्रमुख होते. कारखान्याला पाणी, वाफ, हवा पुरवणारा तो विभाग. सर मूळचे जवळच्याच बोनकोडे गावचे. त्यांच्या वडिलांची भातशेती शहर वसवण्यात गेली, त्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली, ती सरांना. उरलेल्या जागेवर त्यांनी चार मजले चढवले होते आणि प्रत्येक मजल्यावर भाडेकरू होते. त्यांना पगाराची गरज नाही असं सगळे म्हणायचे. सर स्वतःही म्हणायचे. मग नोकरीला येता कशाला, असं कुणी विचारलं की अंगणाकडे बोट दाखवून विचारायचे, "मग म्हातारीला कोन बगंल?"

म्हातारी म्हणजे कूलिंग टॉवर. मोठ्या खोलीएवढा चौकोनी, फिकट हिरव्या रंगाचा, डोक्यावर गोल कठडा आणि त्यात भलामोठा पंखा. मी घरी करंजाड्याला आईला त्याचं वर्णन सांगितलं. यंत्रं तापतात, त्यांना गार करणारं पाणीही तापतं, मग ते पाणी टॉवरमध्ये वरून पावसासारखं पाडतात, पंखा खालून वर हवा ओढतो, थोडं पाणी उडून जातं आणि उरलेलं गार होऊन परत यंत्रांकडे जातं. आई म्हणाली, "एवढा खटाटोप? माठ नाही का त्यांच्याकडे?"

हे मी भीत भीत सरांना सांगितलं. सर खूश झाले. "आईला सांग, माठच हाय. फकस्त ह्या माठाला पंखा हाय, नि पंख्याला डोकं नाय."

उन्हाळ्यात टॉवरच्या आसपास बारीक तुषार उडायचे. कामगार जेवणाचे डबे घेऊन तिथे बसायला बघायचे, कारण सगळ्या कारखान्यात तेवढीच जागा गार. सर त्यांना झाडूने हाकलायचे. खरोखरच्या झाडूने. "वॉटरपार्क हाय कं ह्यो? त्या तुषारात जंतू असतंय. एकदा फुप्फुसात शिरलं की घर करून रातंय. भारं देत नाय, खाली करत नाय. माजे भारेकरू परवारले." टॉवरजवळ जायचं तर तोंडाला मास्क हवाच, आणि टाकीत औषध वेळेवर पडलंय की नाही हे ते स्वतः बघायचे. माझा मास्क नाकाखाली घसरला की लांबूनच ओरडायचे, "पोरी, दार उगरं ठेवलंयस!"

टॉवर कसा सुरू करायचा हे त्यांनी मला लग्नाच्या भाषेत शिकवलं. आधी खालची टाकी धुवायची, गाळ काढायचा: तो मांडव. मग पाणी भरायचं, पंपाच्या तोंडाची जाळी साफ आहे ना बघायचं, पंप लावायचा आणि झडप हळूहळू उघडायची: ते वऱ्हाड. एकदम उघडली तर वऱ्हाड दारातच चेंगरतं. मग वर जाऊन बघायचं की सगळ्या तोट्यांतून पाणी सारखं पडतंय का: ती पंगत, कुणाला कमी कुणाला जास्त वाढायचं नाही. आणि सगळं नीट झालं की शेवटी पंखा. "पंखा म्हंजे नवरी. रिकाम्या मांडवात नवरी कोन आनतं? लोकं हसतील."

पुढे तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला विचारलं, पंखा आधी का सुरू करत नाहीत? मला पुस्तकातलं उत्तर येत होतं, खरंच येत होतं. पण तोंडातून निघालं, "सर, पंगत बसल्याशिवाय नवरी आणत नाहीत." त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि विचारलं, "हे कुठल्या पुस्तकात आहे?" मी म्हटलं, "बोनकोड्याचं आहे, सर." त्यांनी मला पास केलं. का केलं ते मी विचारलं नाही.

पण सर सगळ्या कारखान्यात प्रसिद्ध होते ते हजेरीसाठी.

टॉवरचा पंखा बंद असला की कुणी ना कुणी आत-वर काम करत असतं. कधी पट्टा बदलायला, कधी तोट्या साफ करायला. म्हणून पंखा पुन्हा लावण्याआधी सर टॉवरखाली उभे राहून हजेरी घ्यायचे. त्यांच्या चुलतभावाचा हळदीला लावायचा साउंडचा धंदा होता, त्याचा एक जुना माईक आणि डबा-स्पीकर सरांनी कायमचा आणून ठेवला होता. त्या माईकवरून ते विभागातल्या प्रत्येकाचं नाव घ्यायचे. ज्याचं नाव येईल त्याने जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यावर यायचं आणि दोन्ही हात वर करायचे. वॉकीटॉकीवरून "हजर" म्हटलेलं चालत नसे. "आवाजाचा काय भरवसा? थोबार दाखव." सगळ्यांत शेवटी ते स्वतःचं नाव घ्यायचे, माईक बाजूला धरून वेगळ्याच आवाजात "हाय!" म्हणायचे, आणि माईक काखेत दाबून स्वतःचेही दोन्ही हात वर करायचे.

त्यानंतर जीएम साहेबांचं नाव. जीएम साहेब कारखान्याचे मुख्य, त्यांची केबिन वरच्या मजल्यावर टॉवरसमोरच. त्यांनी खिडकीत येऊन हात वर करायचे. एकदा केबिनमध्ये बाहेरची पार्टी बसली होती. जीएम साहेब बोलता बोलता उठले, खिडकीत गेले, दोन्ही हात वर करून उभे राहिले आणि परत येऊन बसले. पाहुण्यांना वाटलं खाली दरोडा पडलाय. त्यातले एक टेबलाखाली गेले, असं शिपाई सांगायचा. शिपाई थोडं वाढवून सांगतो, पण खिडकीतले हात मी स्वतः पाहिले आहेत.

मी एकदा धीर करून विचारलं, "सर, पूर्वी इथे काही अपघात झाला होता का?"

"नाय."

"मग एवढं कशाला?"

"झाला नाय म्हून तर." मग बटणाकडे बघून म्हणाले, "ह्ये दाबाला एक बोट पुरतं, पोरी. आतून मानूस काराला आख्खा गाव लागतं."

जीएम साहेबांना हे सगळं पटत नव्हतं. ते नाशिककडचे, कायम घाईत असायचे, जिना उतरतानाही फोनवर बोलायचे. त्यांनी एक नवीन पॅनेल बसवून घेतलं होतं. पंखा कंट्रोल रूममधून सुरू व्हायचा, शिवाय त्याला ऑटोची सोय होती. वार्षिक शटडाउन, म्हणजे कारखाना बंद ठेवून करायची दुरुस्ती, संपत आलं तेव्हा त्यांनी सरांना बोलावलं. मी फाइल घेऊन तिथेच उभी होते.

"टॉवरच्या पूजेला शेठ येणार आहेत, सपत्नीक," जीएम साहेब म्हणाले. "मुहूर्तावर पंखा फिरला पाहिजे. तुमच्या त्या हजेरीपायी उशीर झाला ना, तर दुसऱ्या दिवसापासून पंखा कंट्रोल रूमकडे. आणि तुम्ही स्टोअर सांभाळा."

 त्या दिवशी जेवताना सरांनी बोंबलाची चटणी तशीच ठेवली. जरा वेळाने मला विचारलं, "स्टोअरला खिरकी हाय कं गो?"

"नाही, सर."

"म्हंजे म्हातारी दिसाची नाय."

पगार कापला असता तरी त्यांना फरक पडला नसता. ही शिक्षा मात्र जीएम साहेबांनी बरोबर शोधली होती.

पूजेच्या दिवशी टॉवरला झेंडूच्या माळा, खाली पाट, पाटावर कलश. भटजी आले, शेठ आणि त्यांच्या पत्नी आल्या. पूजेला बसायचं म्हणून सगळ्यांनी बूट काढले. आता आमच्याकडे प्रत्येकाला एकाच दुकानातून घेतलेले एकसारखे काळे सेफ्टी बूट. सगळ्या विभागाचे बूट टॉवरच्या शिडीपाशी एका ढिगात पडले. आरती झाली, नारळ फुटला, आणि मग त्या ढिगावर सगळे वाकले. "अरे माझा डावा कुठाय?" "हा तुझाच, वास बघ!" असं करत करत वाकलेल्या सगळ्यांच्या पायांत एकदाचं काही ना काही गेलं.

सरांनी हजेरी घेतली, तीही भराभर. शेठसमोर सगळे हात वर झाले. सरांनी स्वतःला हाक मारली, स्वतःच ओ दिली. शेठच्या पत्नी पदर तोंडाला लावून हसत होत्या. पंप सुरू झाला, पाणी पडू लागलं. भटजी घड्याळ बघत होते. शेठनी बटणाकडे बोट नेलं.

"थांबा!" माईकमधून आवाज आला.

शिडीखाली एक बुटांची जोडी उरली होती.

"हे बूट कोनाचं?" सरांनी विचारलं.

सगळ्यांनी आपापल्या पायांकडे बघितलं. बघणाऱ्या सगळ्यांच्या पायांत बूट होते.

"नावं सगली झाली. बूट एक जोर जास्त. म्हंजे बाहेरचं कोन तरी आत गेलंय. माला बांदाला, नाय तर फोटो काराला."

"अहो, जुने असतील कुणाचे तरी," जीएम साहेब दबक्या आवाजात म्हणाले.

"लेस सोरलेली हाय, साहेब. आत्ताच काढलंय."

"मुहूर्त टळतोय," भटजी म्हणाले.

"भटजीकाका, मुहूर्त दुसरा निगतं. मानूस दुसरा निगत नाय."

त्यांनी पंप बंद करायला लावला, पंख्याचा मेन स्विच ओढला, त्याला स्वतःचं कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. मग सगळ्यांना कामाला लावलं. दोघे टाकीचं दार उघडून टॉर्च मारत होते, एक जण टॉवरला फेऱ्या घालत "कोण आहे का आत? कौन है अंदर?" असं आळीपाळीने दोन्ही भाषांत ओरडत होता. शेठ नारळाचा तुकडा हातात धरून उभे. सर स्वतः माईक घेऊन शिडी चढले. मला सांगितलं, "तू बुटांपाशी थांब. कोन न्यायला आला तर सोरू नको."

मी बुटांपाशी थांबले आणि वर बघितलं. शिडीच्या पायऱ्यांवरून सरांचे पाय वर चालले होते. काळे मोजे. डाव्या मोज्याला टाचेशी भोक, त्यातून टाच दिसत होती.

मी बुटांकडे बघितलं. मग पुन्हा टाचेकडे.

सरांचं पोट मोठं होतं. उभं राहिल्यावर त्यांना स्वतःचे पाय दिसत नसत, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि बाकीचे सगळे आपापल्या पायांकडे बघण्यात गुंतले होते.

काय करावं ते मला कळेना. बोलले तर शेठसमोर सरांची फजिती, आणि स्टोअर पक्कं. नाही बोलले तर सगळा कारखाना नसलेल्या माणसाला शोधत राहणार. मी शिडीला धरून शक्य तितक्या हळू म्हटलं, "सर… तुमचे पाय."

वरून माईकमधून आवाज आला, "काय माझं पाय?"

अंगणात सगळ्यांच्या माना वर झाल्या. सर पंख्याच्या कठड्याला टेकून एक पाय पुढे काढायला लागले. पोटाच्या पलीकडे आणायला वेळ लागला. मोजा दिसला. त्यांनी दुसराही पाय बघितला. माईक चालूच होता, त्यातून नुसता श्वास ऐकू येत होता.

"बूट माझंच हायेत," सर म्हणाले. मग पाय मागे घेत, "म्हंजे आत कोन नाय. पक्कं झालं."

शेठच्या पत्नींनी पदर सोडून दिला आणि पोट धरून हसल्या. भटजी हसले, शेठ हसले, टाकीत वाकलेला माणूस हसता हसता टाकीत गेला आणि त्याला ओढून काढावं लागलं. एकटे जीएम साहेब हसले नाहीत. मुहूर्त टळून गेला होता. सर खाली उतरले, बूट घातले, पुन्हा सगळी हजेरी घेतली, भिजलेल्या माणसाचं नाव दोनदा घेतलं, आणि मगच पंखा फिरला.

दुसऱ्या दिवशी सर स्टोअरमध्ये होते.

तिथेही त्यांनी शिस्त आणली. बोल्ट मागायला येणाऱ्याने दोन्ही हात वर करायचे. पण त्यांचं मन नव्हतं. सोनं काढायचेच नाहीत. "इथं क्याला काढू? हितं मना कोन पकरनार?" सगळे दागिने अंगावर घालून ते नुसते ट्यूबलाइटखाली बसलेले असायचे, विसर्जनाची वाट बघणाऱ्या गणपतीसारखे.

मला कंट्रोल रूममध्ये बसवलं होतं. एका सकाळी पंखा थरथरायला लागला आणि आपोआप बंद पडला. नवीन पॅनेल बसवणारा ठेकेदार आलाच होता, त्याला घेऊन जीएम साहेब टॉवरकडे निघाले. मलाही फाइल धरायला घेतलं. वर चढून त्यांनी पंख्याकडचं छोटं दार उघडलं आणि एक पाय आत टाकला.

मला विचारावंसं वाटत होतं, पण जीएम साहेबांना कसं विचारणार? मी ठेकेदाराला विचारलं, "पंखा आता बंद आहे ना?"

"बंदच आहे की, मॅडम," तो खुशीत म्हणाला. "ऑटोमध्ये आहे."

"ऑटोमध्ये म्हणजे?" हे जीएम साहेबांनी विचारलं, पाय आत तसाच.

"म्हणजे पाणी तापलं की आपला आपण फिरणार. कुणी दाबायची गरज नाही. तुम्हीच मागितलं होतं ना, साहेब."

"आणि पाणी तापणार कधी?"

"ते पाण्यावर आहे."

जीएम साहेबांनी पाय बाहेर काढला. शेजारी बाळ झोपलेलं असताना आई अंगावरची गोधडी काढते ना, तसा काढला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यांना बोलवा."

"कुणाला, साहेब?"

"अहो, त्यांनाच!"

सर आले, पण घाईने नाही. खाली उभं राहून आधी साखळी काढली, अंगठ्या काढल्या. एक अंगठी बोटात अडकली, ती साबण लावून काढली. डबा बंद केला. जीएम साहेब वर उन्हात उभे होते. मग सरांनी मेन स्विच ओढला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, आणि सुरू करायचं बटण दाबून बघितलं की पंखा खरंच फिरत नाही. त्यानंतर माईक आणायला सांगितला. सगळ्यांची नावं झाली. जीएम साहेबांचं नाव आलं. साहेबांनी तिथल्या तिथे, ठेकेदारासमोर, दोन्ही हात वर केले. चांगले सरळ.

मग ते आत गेले. आतून थोड्या थोड्या वेळाने आवाज यायचा, "अहो, आहात ना?"

"हाय ना, साहेब. किल्ली माज्या खिशात हाय. तवर मी जेवून येऊ कं?"

"नको!"

एक नट ढिला झाला होता, एवढंच निघालं.

दुसऱ्या दिवशी सर स्टोअरमध्ये गेले नाहीत. सरळ टॉवरखाली जाऊन उभे राहिले. जीएम साहेबांनी खिडकीतून बघितलं आणि पडदा ओढून घेतला. कुणी आदेश काढला नाही, कुणी काही विचारलं नाही. ठेकेदार येऊन ऑटो काढून गेला.

फक्त स्टोअरमध्ये आता कुणी नव्हतं, आणि बोल्ट, वॉशर मागायला माणसं तर येत होती. म्हणून ट्रेनिंग संपेपर्यंत मला तिथे बसवलं. मला थोडं वाईट वाटलं. मी टॉवर शिकायला आले होते आणि वॉशर निवडत बसले होते. एकदा सर दारात आले, मास्क लावलेला, हातात झाडू. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, छताकडे पाहिलं, रॅकमागे वाकून पाहिलं, मग माझ्याकडे समाधानाने बघत म्हणाले, "बरी बसलीस गो पोरी. हितं काय पन फिरत नाय."